धोंड्याच्या महिन्यातली तहान

अधिक महिना आला की आपल्याकडे जावयाचा देव होतो. एरवी ज्याला "आले का पाव्हणं, बसा" एवढ्यावर भागवतात, त्यालाच या महिन्यात पाटावर बसवून त्याचे पाय धुतात, ओवाळतात आणि मग खायला घालतात. तो हात जोडून "आता पुरे" म्हणेपर्यंत घालतात, आणि त्याने तसं म्हटलं की खरं वाढायला सुरुवात होते. त्यात लग्नानंतरचा पहिलाच अधिक असेल आणि सगळ्या भावकीत जावई एकच असेल, तर त्या माणसाने निघतानाच आपल्या पोटाची माफी मागून ठेवावी.

जीवन हा असा एकुलता एक जावई होता. नाशिकला दिंडोरी रोडवरच्या एका दुकानात तो जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या, कूलरच्या मोटारींतली जळकी तार काढून नवी भरायचा. सासुरवाडी विंचूरहून आत गेलेल्या एका कांद्याच्या गावात. २००७ सालचा अधिक ज्येष्ठ होता आणि ऊन मी म्हणत होतं. एसटी ओझरला पोचायच्या आत त्याने पाण्याची बाटली संपवली. निफाडला तो कंडक्टरला विनवून खाली उतरला, आडोशाला जाऊन आला आणि स्टँडवरच्या नळाला तोंड लावून ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत पीत राहिला.

"अहो, किती पिताय पाणी?" बायको, सुवर्णा, म्हणाली.

"ऊन बघ ना किती आहे."

ऊन होतंच, त्यामुळे हे उत्तर दोघांना पटलं. बरेच दिवस नवराबायको एकमेकांना हेच उत्तर देत होते. घसा कोरडा पडतो, उन्हाने. बारीक तारेचं टोक दिसत नाही, उन्हाने. पँट कमरेला सैल झाली, तीही उन्हानेच. लघवीला सारखं जावं लागतं. आता उन्हाने लघवी कमी व्हायची ती वाढली कशी, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. माणसाला सोयीचं उत्तर सापडलं की तो प्रश्नाकडे पुन्हा ढुंकून बघत नाही.

सुवर्णाच्या पिशवीत नव्या साडीच्या घडीत गोळ्यांचं एक पाकीट होतं. माहेरी कोणी विचारलंच तर ती पित्ताची गोळी होती. खरं तर ती डोक्याची होती, आणि या घराचा सगळा जीव त्या पाकिटात होता.

ही गोष्ट १९९९ पासूनची. जीवन तेव्हा चोविसाचा होता. मोटारी गुणगुणतातच, पण त्या वर्षी त्या त्याच्याबद्दल बोलायला लागल्या. मग मुंग्या सुरू झाल्या. दुकानाच्या भिंतीवरून जाणारी मुंग्यांची रांग आपल्या मनातलं उचलून शेजारच्या दुकानात पोचवते, अशी त्याची खात्री झाली. लोकांना वाटतं की असा माणूस संशयी असतो. संशय असता तर बरं झालं असतं. आपल्या हाताला पाच बोटं आहेत याची जशी आपल्याला खात्री असते, तशी ती खात्री होती. एका दुपारी त्याने त्या रांगेवर थिनर ओतून काडी लावली. शेजारी धावले म्हणून दुकान वाचलं आणि तोही वाचला.

पहिल्या औषधाने आवाज थांबले, पण त्यांच्याबरोबर जीवनही थांबला. मान ताठ झाली, तोंडातून लाळ गळायला लागली, हात असे थरथरायचे की तार खाचेत बसेना. रिवाइंडिंगवाल्याचे हात गेले म्हणजे उरलं काय? चार वर्षं अशी काढल्यावर एका नव्या डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. ओलान्झापीन नावाची गोळी, रात्री झोपताना एक.

"मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन निरोप पोचवतं," त्यांनी समजावलं होतं. "इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे, असा निरोप. आमची समजूत अशी आहे, की तुमच्या बाबतीत तो निरोप एका ठिकाणी फार जोरात जातो. म्हणून साध्या मुंग्यांनाही अर्थ चिकटतो. जुनं औषध निरोपाची सगळी दारं घट्ट लावून घ्यायचं, हातापायांची सुद्धा. हे नवं औषध दार जरा सैल धरतं आणि सिरोटोनिन म्हणून आणखी एक रसायन आहे, त्याच्याही दाराला हात लावतं. त्यामुळे हात मोकळे राहतात."

"म्हणजे फ्यूज काढण्याऐवजी रेग्युलेटर बसवला," जीवन म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तसंच समजा. पण याचा हात झोपेच्या आणि भुकेच्या दारांनाही लागतो. वजन वाढेल. काहींची साखर वाढते, क्वचित एखाद्याची फार झपाट्याने. म्हणून दर तीन महिन्यांनी वजन आणि साखर तपासायची. तहान वाढली, लघवी वाढली, तर वाट न बघता यायचं."

त्यातला रेग्युलेटर जीवनच्या डोक्यात पक्का बसला. बाकीचं निसटलं. खरंच, गोळीने जादू केली होती. मोटारी नुसत्या गुणगुणायला लागल्या, मुंग्या नुसत्या चालायला लागल्या, हात पहिल्यासारखे चालू लागले. भूक अशी लागायची की डब्यात सहा भाकरी पुरेनात. अंग सुटलं, गाल वर आले, आणि जो तो म्हणायला लागला, "आता कसा माणसात आलास!" पोराच्या अंगाला लागतंय बघून आई भागीबाई ताटात तुपाचा चमचा जास्तीचा सोडायची. सुरुवातीला तपासण्या झाल्याही. मग लग्न ठरलं. दवाखान्याच्या पाटीवर 'मनोविकार' हा शब्द पोस्टाच्या पेटीइतका ठळक होता आणि समोरून सगळा फुलबाजार ये-जा करायचा. "कोणी बघितलं म्हंजे?" भागीबाई म्हणाली. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत होता. मग दवाखान्यात जायचंच कशाला?

सोयरीक जुळवताना सुवर्णाच्या वडिलांनी, चिमाजींनी, एकच गोष्ट दोनदा विचारली होती. घरात कोणाला वेडाचा झटका, फिट, असलं काही? भागीबाईने दोन्ही वेळा नाही म्हटलं. जीवन शेजारी बसून चहाच्या बशीकडे बघत होता. लग्नानंतर आठवड्याभरात त्याने सुवर्णाला सगळं सांगितलं. संध्याकाळी तिने विचारलं, "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" तेव्हापासून गोळी तिच्या हातून होती. पण माहेरी तिनेही सांगितलं नव्हतं. चिमाजींना कळलं तर ते लेकीला उचलून नेतील, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. ते माळकरी, शब्दाचे पक्के, आणि फसवणूक करणाऱ्या माणसाशी जन्मात न बोलणारे. सख्ख्या मेहुण्याशी त्यांनी एका खोट्यावरून बोलणं टाकलं होतं ते टाकलंच.

विंचूरहून धरलेली जीप ओट्यासमोर थांबली, तेव्हा चिमाजी नवं धोतर नेसून उभे होते. सासूबाई नवसाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाट मांडला, परात आली, पाय धुतले गेले. मग ताट आलं. पुरण भरून उकडलेले धोंडे, त्यावर तूप, वाटीत आमरस आणि बाजूला अनारसे.

"मामी, एवढं नको."

"असं म्हणू नाय या महिन्यात," नवसाबाई म्हणाल्या आणि आणखी दोन धोंडे ठेवले.

संध्याकाळी चुलतसासरे कारभारी यांच्याकडे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या चुलत्यांकडे. दुपारी पुन्हा घरी, रात्री वस्तीवरच्या भावकीत. प्रत्येक घरात तेच धोंडे, तोच रस, तोच आग्रह. हात आखडता घेतला तर घर रुसणार. जीवनला खायचा तर आता कंटाळा यायला लागला होता, पण तहान मात्र थांबेना. जावयाला ऊन बाधलंय, असं सगळ्यांचं ठरलं आणि जो तो त्याच्या पोटात थंडावा घालायला लागला. नवसाबाईंनी खडीसाखर विरघळवून सब्जाचं सरबत केलं. कारभारी विंचूर चौफुलीवरच्या रसवंतीतून उसाच्या रसाचा कॅन घेऊन आले. "प्या बापू, ऊन खाली बसंल," ते म्हणाले. जीवन प्यायला. जितका प्यायला तितका घसा सुकला. हे काय चाललंय ते त्याला समजेना. पाणी पिऊन तहान वाढते, असं कधी असतं का? की तहान लागलीय असं आपल्याला नुसतं वाटतंय?

हा प्रश्न इतर कोणी स्वतःला विचारला नसता. पण ज्याला एकदा मुंग्यांनी फसवलं, तो माणूस स्वतःच्या जिभेवरही चटकन विश्वास ठेवत नाही. आठ वर्षांत जीवनने एक सवय लावून घेतली होती. काही वेगळं जाणवलं की आधी ते खोटं धरायचं. आवाज आला तर उत्तर द्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनीच शिकवलं होतं. त्याने ते डोळे, कान, पोट, सगळ्यालाच लावून टाकलं होतं.

आणि त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला मुंग्या दिसल्या.

घरच्या पुरुषांची आडोशाची जागा गोठ्यामागे होती. जीवन तिथे गेला आणि खाली बघून थांबला. त्याने दिवसभरात जिथे जिथे लघवी केली होती, तिथे तिथे मुंग्या होत्या. शेजारी सासऱ्यांचीही जागा होती, तिथे एकही नाही. फक्त त्याच्याच जागी. गोठ्याच्या भिंतीतून काळी रांग निघाली होती आणि ती नेमकी त्याच्यापाशी येऊन थांबत होती. आठ वर्षांपूर्वी असंच होतं. तेव्हाही त्या फक्त त्याच्याच मागे होत्या.

तो घरात आला आणि सुवर्णाला माजघराच्या कोपऱ्यात बोलावलं.

"परत दिसायला लागल्या."

"काय?"

"मुंग्या. माझ्याच जागी येतायत."

सुवर्णाने ती मुंग्यांची गोष्ट फक्त ऐकलेली होती, आणि ऐकलेल्या गोष्टीची भीती पाहिलेल्या गोष्टीपेक्षा मोठी असते. गोठ्यामागे जाऊन बघावं, असं तिच्या मनात आलं नाही. बायका तिकडे जात नसत. आणि कशासाठी जायचं? असल्या तरी गावात मुंग्या असतातच. प्रश्न मुंग्यांचा नव्हता, त्याच्या डोळ्यांचा होता.

"जागरण झालंय, दगदग झालीय," ती म्हणाली. "आज दोन गोळ्या घ्या. उद्या परवा नाशिकला गेलो की डॉक्टरांकडे जाऊ. पण इथे कोणाला बोलू नका. तुम्हाला माझी शपथ आहे."

त्याने दोन घेतल्या. पाणी मात्र तांब्याभर लागलं.

सकाळी तो उठला तेव्हा घर त्याच्यापासून लांब गेलं होतं. माणसं बोलत होती, पण शब्द कानापर्यंत येता येता विरघळत होते. पोटात कळ येत होती. एकदा ओकारी झाली, मग पुन्हा. श्वास खोल खोल चालला होता, धावून आल्यासारखा, आणि तो तर बाजेवर नुसता पडून होता. गोळी दोन झाल्याने हे होतंय, की आजाराने? की आजारही नाही आणि हे सगळं आपण मनाने करतोय? तो एका विचाराचं टोक धरायचा, तोवर ते हातातून सुटायचं. फिरून पहिल्यापासून शोधायला लागायचं.

चिमाजी बाजेजवळ आले, वाकले आणि झटकन मागे झाले. जावयाच्या तोंडाला आंबूसगोड, पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. विंचूरला वाइनचे कारखाने झाल्यापासून त्या बाजूच्या माणसांना द्राक्षं कुजल्याचा वास चांगला ओळखता यायचा. चिमाजींनाही आला.

"कारभारी," त्यांनी भावाला हाक मारली, "जरा इकडं ये."

कारभारींनी हुंगलं आणि मिशीत हसले. "घेतलीया बापूंनी. काल वस्तीवर कोणी पाजली वाटतं."

"धोंड्याच्या महिन्यात?" चिमाजींचा आवाज कापला. "माझ्या दारात? पाय धुतले मी ह्याचे!"

जीवनने हे ऐकलं. पण दारू तर त्याने जन्मात घेतली नव्हती. मग असं कोण कशाला म्हणेल? म्हणजे हे कोणी म्हटलेलंच नाही. हा आवाज आहे. आवाज असाच यायचा, ओळखीच्या माणसाच्या तोंडून, अपमान करणारा, खोटा.

"जावईबापू," आवाज म्हणाला, "खरं सांगा. पिला का तुमी?"

उत्तर द्यायचं नाही. त्याने डोळे मिटून घेतले.

"बघ, बोलायला तोंड नाय," आवाज म्हणाला. "लिंबू पिळून पाजा आन् दार लावून घ्या. उतरस्तवर पडू दे. भावकीत कोणाला कळता कामा नये."

सुवर्णा मध्ये पडली. "नाना, ते पीत नाहीत हो."

"मग काय झालंय त्याला? सांग तू."

तिला काय झालंय ते ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं, आणि तेच तर सांगायचं नव्हतं. डोक्याचं सांगितलं तर संसार जातो. दारू पिला म्हणून खपलं तर एक दिवसाची लाज आहे, पण संसार राहतो. तिने बापाकडे बघितलं आणि ती लिंबू कापायला वळली. बिचारीला तरी काय म्हणावं? तिच्यापुढे दोन खोट्या गोष्टी होत्या आणि तिने त्यातल्या त्यात स्वस्त दिसणारी निवडली.

दार लागलं. खोलीत अंधार झाला. लिंबाचं पाणी ओकारीत पडून गेलं. आता झोपावं, एवढंच जीवनला वाटत होतं. झोप त्याला पायापासून ओढत होती आणि ती झोप बरी वाटत होती. तेवढ्यात मागच्या खिडकीतून, गोठ्याच्या बाजूने, नवसाबाईंचा आवाज आला. मोरीत टाकायला राख भरायला त्या तिकडे गेल्या होत्या.

"अगं बया! केवढ्या मुंग्या ह्या! सुवर्णे, हिकडं कोणी साखर सांडली का गं?"

जीवनने डोळे उघडले.

मुंग्या. नवसाबाई मुंग्या म्हणाल्या. की हाही आवाज? पण आवाजाला साखर कशाला हवी? आवाज त्याच्याबद्दल बोलतात, साखरेबद्दल नाही. तो बाजेवरून उतरला की पडला, कळलं नाही. भिंत धरत खिडकीपाशी गेला आणि गजांना धरून उभा राहिला.

"मामी," तो म्हणाला. त्याची जीभ टाळूला चिकटत होती. "तुम्हाला दिसतात का मुंग्या?"

नवसाबाई दचकल्या. "दिसत्यात म्हंजे? आंधळी हाय का मी? ही बघा रांग. माझ्या आईच्या लघवीला बी अशाच लागायच्या, तिला साखरंचा रोग व्हता..." बोलता बोलता त्या थांबल्या. जागा कोणाची हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी जावयाच्या तोंडाकडे बघितलं, ओठांवरच्या पांढऱ्या कोरड्या पापुद्र्याकडे बघितलं, आणि हातातली राखेची पाटी खाली ठेवली.

मुंग्या खऱ्या होत्या. मग तहानही खरी होती. मग चिमाजीही खरेच बोलले होते, दार खरंच लावलेलं होतं, आणि तो खरंच मरायला लागला होता. इतकी वर्षं आपल्याच डोळ्या-कानांना भिऊन राहिलेल्या त्या माणसाला त्या क्षणी आनंद झाला. हे विचित्र आहे, पण झाला. डोकं फिरलेलं नव्हतं. शरीर बिघडलं होतं. मग कुठून तरी खोलातून डॉक्टरीणबाईंचं वाक्य वर आलं, तहान वाढली तर वाट न बघता यायचं, आणि आनंद तिथेच विरला. कारण ते वाक्य सांगायचं तर गोळी सांगावी लागणार होती.

दार उघडलं गेलं. चिमाजी, कारभारी, सुवर्णा, सगळे आत आले. नवसाबाई साखर, साखर म्हणत होत्या. कारभारी म्हणत होते, एवढ्या तरण्या माणसाला कुठली साखर? सुवर्णा जीवनकडे बघून मान हलवत होती, नको, नको. तो तिने घातलेली शपथ विसरला नव्हता. पण शुद्ध किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "मी डोक्याची गोळी खातो. पित्ताची नाही. मला वेडाचा आजार आहे, लग्नाच्या आधीपासून. त्या गोळीने साखर वाढते. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्यात सांगा, ओलान्झापीन." तो नाव पुन्हा म्हणायला लागला, पण जीभ वळली नाही. "सुवर्णाचा दोष नाही."

जीवनला शेवटचं आठवतं ते एवढंच, की सासऱ्यांनी त्याला काखेत धरून उचललं आणि त्यांच्या तुळशीच्या माळेचे मणी त्याच्या गालाला टोचत होते.

विंचूरच्या दवाखान्यात साखर मोजायच्या यंत्रावर आकडाच येईना. यंत्राच्या मोजण्याबाहेर गेली आहे, नाशिकला न्या, असं डॉक्टर म्हणाले. सुवर्णाने साडीच्या घडीतलं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं, बापासमोर. नाशिकच्या दवाखान्यात सलाईन आणि इन्सुलिन लावलं. रक्तात आम्ल साठलं होतं, वास त्याचाच होता, दारूचा नव्हे. आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

जीवन शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी होत्या. त्या रागावल्या होत्या, आणि कोणावर रागवावं ते त्यांनाही नीट ठरवता येत नव्हतं.

"ही गोळी आता हळूहळू कमी करून थांबवायची," त्या म्हणाल्या. "दुसरी सुरू केली आहे. ती साखरेला कमी डिवचते."

"आणि आवाज?"

"ती तुमच्या डोक्याला किती मानवेल, ते आज मला सांगता येत नाही. मधल्या दिवसांत काही ऐकू येऊ शकतं. लपवायचं नाही, एवढंच."

म्हणजे साखर नको असेल तर आवाजांचा धोका, आवाज नको असतील तर साखरेचा. औषध चांगलं की वाईट? त्याने हात परत दिले होते आणि जीव घ्यायलाही निघालं होतं. त्याला काही ठरवता येईना, आणि ठरवण्याएवढं अंगात बळही नव्हतं. त्याला दुसरंच काही खात होतं. चिमाजी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले दारातून दिसायचे. आत येत नसत.

कारभारींचं बोलणं मात्र आत ऐकू आलं. "सरळ सरळ फसवणूक हाय दादा. पोरगी घेऊन चला."

"मला माहीत होतं, काका," सुवर्णा म्हणाली. "लग्नानंतर लगेच त्यांनी स्वतः सांगितलं. फसवलं असेल तर मीही फसवलंय तुम्हाला."

चिमाजींचं उत्तर ऐकू आलं नाही. ते बोललेच नाहीत की हळू बोलले, हे जीवनला कळलं नाही. कारभारी संध्याकाळच्या गाडीने गावी गेले. चिमाजी गेले नाहीत. पण आतही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुवर्णा भागीबाईला आणायला घरी गेली. वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. चिमाजी आत आले. स्टूल ओढलं आणि खाटेपासून हातभर लांब ठेवून बसले.

जीवनला माफी मागायची होती. शब्द जुळवत होता तेवढ्यात त्याला हाक ऐकू आली. "जीवन." व्हरांड्यातून, बाईच्या आवाजात, स्पष्ट.

नर्स असेल. किंवा आईच आली असेल. किंवा नसेल. आठ वर्षांची सवय म्हणत होती, गप्प राहा, समोर बसलेल्या या माणसाला तर मुळीच कळू देऊ नकोस, अजून तो उठून गेलेला नाही. पण त्या सवयीनेच त्याला बंद दाराआड पोचवलं होतं. त्याने सासऱ्यांकडे बघितलं.

"मामा, आत्ता कोणी हाक मारली का? तुम्हाला ऐकू आली?"

चिमाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग ते उठले, धोतर सावरत दारापर्यंत गेले आणि व्हरांड्यात दोन्हीकडे नीट बघितलं. कोणी उगाच समजूत घालायला "आली, आली" म्हणाला असता. चिमाजी तसे नव्हते.

"नाय," ते परत येऊन म्हणाले. "कोणी नाय हाक मारली. मी जागाच हाय, मला नाय आली."

"बरं," जीवन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, भीतीनेही आणि कसल्याशा सुटकेनेही, आणि त्यातलं कुठलं किती हे त्याला कळेना.

चिमाजींनी स्टूल खाटेला टेकवून ठेवलं. "परत आली तर परत इचार मला," ते म्हणाले. जावयाला ते आजवर कधी अरे-तुरे बोलले नव्हते. "लाजू नको."

जीवनने डोळे मिटले. थोड्या वेळाने हाक पुन्हा आली. त्याने पुन्हा विचारलं, आणि चिमाजी पुन्हा उठून दारापर्यंत गेले.